यंत्र सापडेल, ते चालेल का?

रुग्णालयात एखादे यंत्र ‘आहे’ असे म्हटले, तर त्याचे तीन अर्थ होऊ शकतात. ते डेडस्टॉक रजिस्टरमध्ये आहे. ते इमारतीत कुठेतरी आहे. किंवा ते चालू स्थितीत, हाताशी आहे. पहिला अर्थ लेखापरीक्षकाच्या कामाचा, दुसरा भांडारपालाच्या आणि तिसरा रुग्णाच्या. सरकारी रुग्णालयातील कितीतरी तक्रारींचे मूळ या तीन अर्थांमधल्या अंतरात असते. कागदावर सहा सिरिंज पंप असतात, त्यातले दोन सापडत नाहीत, दोन बंद असतात, आणि रात्री दोन वाजता अतिदक्षता कक्षातील परिचारिकेला तिसऱ्या रुग्णासाठी पंप हवा असतो.

हे अंतर कमी करण्यासाठी आता रेडिओ लहरींवर चालणाऱ्या टॅगचे नाव घेतले जाते. तांत्रिक भाषेत त्याला आरएफआयडी म्हणतात. प्रत्येक यंत्राला एक छोटा टॅग चिकटवायचा, दारादारांवर तो वाचणारी उपकरणे बसवायची आणि कोणते यंत्र कोणत्या कक्षात आहे ते संगणकावर पाहायचे. बड्या खासगी रुग्णालयांत ही पद्धत आलेली आहे. सरकारी रुग्णालयांच्या डिजिटलीकरणाची चर्चा निघाली की तिथेही तिचा उल्लेख होतो. मालेगावसारख्या शहराने या प्रस्तावाकडे कसे पाहावे, हा प्रश्न म्हणूनच विचारात घेण्याजोगा आहे.

मालेगावचे गणित

मालेगाव जिल्ह्याचे ठिकाण नाही. पण रुग्णांचा भार जिल्ह्याच्या ठिकाणासारखा आहे. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या आसपास होती. येथील सामान्य रुग्णालयात शहराबरोबरच बागलाण, नांदगाव, देवळा या भागांतूनही रुग्ण येतात. येथे सोय झाली नाही, तर पुढचा सरकारी पर्याय म्हणजे पन्नासेक किलोमीटरवरचे धुळ्याचे वैद्यकीय महाविद्यालय किंवा शंभराहून अधिक किलोमीटरवरचे नाशिक.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले. यंत्रमागावर काम करणाऱ्या, कापडाच्या मीटरवर मजुरी मिळवणाऱ्या कुटुंबासाठी हा मोठा दिलासा होता. परंतु मोफत सेवेचा अर्थ यंत्र चालू असेपर्यंतच टिकतो. ते बंद असले की ‘बाहेरून करून आणा’ अशी चिठ्ठी मिळते. मग तपासणीचे पैसे जातात, दिवसाची मजुरी बुडते आणि धुळे किंवा नाशिक गाठायचे झाल्यास गाडीभाडेही पडते. यंत्र कुठे आहे आणि कसे आहे, हा प्रश्न अशा रीतीने रुग्णाच्या खिशापर्यंत येतो.

एप्रिल 2020 मध्ये मालेगाव राज्यातील करोनाच्या सर्वाधिक चर्चेतल्या केंद्रांपैकी एक बनले. सामान्य रुग्णालयाबरोबर शहरात इतरत्रही उपचार केंद्रे उघडावी लागली. अशा काळात राज्यभरच यंत्रे अनेक वाटांनी आली: केंद्राकडून, राज्याकडून, आमदार निधीतून, कंपन्यांच्या सामाजिक निधीतून, देणगीदारांकडून. घाईत ती जिथे गरज होती तिथे पोहोचवली गेली. लाट ओसरल्यावर कोणते यंत्र कोणाच्या नावावर, त्याचा देखभाल करार कोणाकडे आणि सुटे भाग कोण देणार, हे कोडे मागे उरले. देणगीत आलेल्या यंत्राबरोबर देखभालीचा करार येतोच असे नाही, आणि करार नसलेले यंत्र पहिल्या बिघाडानंतर कोपऱ्यात जाते.

टॅग म्हणजे नेमके काय

आरएफआयडी समजून घेण्यासाठी रुग्णालयात जाण्याची गरज नाही. मालेगावहून नाशिकला जाताना चांदवडच्या टोलनाक्यावर गाडी पुढे सरकते ती याच तंत्राने. काचेवरच्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. नाक्यावरचा अँटेना रेडिओ लहरी सोडतो, त्या लहरींच्या ऊर्जेवरच टॅगमधली चिप क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. भारतात या कामासाठी 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा 2005 मध्ये परवान्यातून मुक्त करण्यात आला.

रुग्णालयातले टॅग दोन प्रकारचे असतात. बिनबॅटरीचा टॅग स्वस्त असतो, पण तो वाचणाऱ्या उपकरणापासून काही मीटरच्या आत यावा लागतो. म्हणजे यंत्र दारातून गेले एवढे कळते. त्यानंतर ते खोलीत कुठे ठेवले, ते कळत नाही. बॅटरीचा टॅग स्वतःहून ठराविक वेळाने संदेश पाठवतो, त्यामुळे जागा सतत दिसते. पण तो महाग असतो आणि बॅटरी संपली की बदलावा लागतो. साधा टॅग थेट धातूवर चिकटवला तर नीट वाचला जात नाही. त्यासाठी वेगळा, जास्त किमतीचा टॅग लागतो. पाणीही या लहरी शोषून घेते. शस्त्रक्रियेच्या अवजारांना टॅग लावायचा, तर तो ऑटोक्लेव्हमधले 121 किंवा 134 अंश सेल्सिअस तापमान आणि वाफेचा दाब वारंवार सोसणारा हवा.

फास्टॅगच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. टॅगमध्ये पैसे नसतात, पैसे खात्यात असतात. टॅग फक्त क्रमांक सांगतो. त्याचप्रमाणे यंत्राची माहिती टॅगमध्ये नसते. ती संगणकातल्या नोंदीत असते. ही नोंद कोणी अद्ययावत ठेवलीच नाही, तर टॅग अचूकपणे एका चुकीच्या नोंदीपर्यंत नेऊन पोहोचवेल.

फायदा कुठे होतो

तरीही टॅगचे फायदे खरे आहेत. रुग्णालयातली सर्वच यंत्रे हलत नाहीत. एक्स-रे, सीटी स्कॅन, शस्त्रक्रियागृहातील दिवे जिथे बसवले तिथेच असतात; त्यांना टॅगची गरज नाही. हलतात ती लहान आणि मध्यम यंत्रे: सिरिंज पंप, मॉनिटर, डिफिब्रिलेटर, ईसीजी मशीन, सक्शन मशीन, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, फोटोथेरपीचा दिवा, स्ट्रेचर, चाकाची खुर्ची. नेमकी हीच यंत्रे आणीबाणीच्या वेळी शोधावी लागतात.

या शोधाशोधीतून जगभरच्या रुग्णालयांत एक सवय जडलेली दिसते. यंत्र एकदा दुसऱ्या कक्षात गेले की परत येईल याची खात्री नसते, म्हणून परिसेविका एखादे यंत्र कपाटात कुलूपबंद ठेवतात. त्यात दोष त्यांचा नाही. उद्या त्यांच्याच रुग्णाला ते लागणार असते. पण प्रत्येक कक्षाने एकेक पंप राखून ठेवला की रुग्णालयात पंप पुरेसे असूनही तुटवडा जाणवतो आणि नव्या खरेदीची मागणी जाते. कोणता पंप कुठे आहे हे सर्वांना दिसू लागले, तर तो राखून ठेवण्याचे कारण कमी होते.

दुसरा फायदा देखभालीचा. पंपाची मात्रा अचूक आहे का, डिफिब्रिलेटर ठरलेला झटका देतो का, हे ठराविक काळाने तपासावे लागते. तंत्रज्ञ तपासणीला येतो तेव्हा वीसपैकी चौदा पंप सापडतात आणि उरलेले सहा पुढच्या फेरीपर्यंत तसेच राहतात. टॅग असले तर ते शोधून काढता येतात. वार्षिक पडताळणीलाही हातातल्या रीडरने एक कक्ष काही मिनिटांत मोजता येतो. आजही हे काम रजिस्टर हातात घेऊन, पुसट झालेले क्रमांक वाचत चालते.

जागा कळली, पुढे काय

तथापि, जागा कळणे आणि यंत्र चालणे यांत किती अंतर असते, याचा धडा महाराष्ट्राला करोनाकाळात मिळाला. मे 2020 मध्ये पीएम केअर्स निधीतून देशी बनावटीच्या 50,000 व्हेंटिलेटरसाठी 2,000 कोटी रुपये देण्याचे जाहीर झाले. ही यंत्रे कुठे आहेत ते कळावे म्हणून त्यांत जीपीएस चिप बसवल्याचे केंद्राकडून सांगण्यात आले होते. जीपीएस आणि आरएफआयडी ही दोन वेगळी तंत्रे आहेत. एक उपग्रहाच्या आधारे गाव आणि इमारत सांगते, दुसरे खोलीचे दार. उद्देश मात्र एकच, यंत्राचा ठावठिकाणा.

वर्षभराने, मे 2021 मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे जे चित्र आले ते वेगळे होते. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला 150 व्हेंटिलेटर मिळाले होते. त्यांतील 113 वापरात आणले गेले आणि ते सदोष असल्याचे न्यायालयाला सांगण्यात आले. 37 खोक्यांतून बाहेरच काढलेले नव्हते. दोष यंत्रांत नसून हाताळणीत आणि प्रशिक्षणात आहे, अशी बाजू केंद्राने मांडली. न्यायालयाने त्यावर नाराजी व्यक्त केली. याच महिन्यात राज्यांमध्ये पडून असलेल्या व्हेंटिलेटरची जोडणी आणि वापर यांची तातडीने तपासणी करण्याचा आदेश पंतप्रधानांनी दिला. ती तपासणी प्रत्यक्ष जागेवर जाऊन माणसांनाच करावी लागणार होती.

दोष यंत्राचा की हाताळणीचा, या वादात न शिरताही एक गोष्ट स्पष्ट होते. ही 150 यंत्रे हरवलेली नव्हती. कोणत्या जिल्ह्याला, कोणत्या रुग्णालयाला किती दिली, याचा हिशेब न्यायालयात मांडता येत होता. अडले होते ते पुढच्या टप्प्यावर: जोडणी, ऑक्सिजनचा योग्य दाब, सुटे भाग, चालवणाऱ्यांचे प्रशिक्षण आणि बिघाड झाल्यावर वेळेत येणारा अभियंता.

देशातील आकडेही हेच सांगतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जैववैद्यकीय उपकरण देखभाल कार्यक्रमात 29 राज्यांतील यंत्रांची मोजदाद झाली. 29,115 आरोग्यसंस्थांत 7,56,750 यंत्रे आढळली आणि त्यांची किंमत सुमारे 4,564 कोटी रुपये होती. राज्यागणिक त्यांतील 13 ते 34 टक्के यंत्रे बंद होती. ही यंत्रे मोजणाऱ्यांना सापडली होती, म्हणूनच बंद असल्याचे कळले.

विकसनशील देशांतील परिस्थितीवर 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 16 देशांतील एक लाख बारा हजारांहून अधिक यंत्रांची माहिती तपासली गेली, त्यांतील 38.3 टक्के यंत्रे वापराबाहेर होती. त्याआधीच्या वर्षी त्याच क्षेत्रातील आणखी एका अभ्यासात 11 देशांमधील 60 रुग्णालयांच्या दुरुस्तीच्या मागण्या पाहिल्या गेल्या. बंद पडलेल्या यंत्रांपैकी सुमारे दोन-तृतीयांश यंत्रे मर्यादित कौशल्याच्या बळावर, परदेशातून सुटे भाग न मागवता, पुन्हा चालू होऊ शकतात, असा त्याचा निष्कर्ष होता. फ्यूज, प्लग, वायर, बॅटरी, नळीतली गळती, साचलेली धूळ असे हे बिघाड असतात. यंत्रमागाच्या गावाला हे सांगायला नको. माग बंद पडला की मालक तो कुठे आहे ते शोधत नाही; जॉबरला हाक मारतो, आणि जॉबर गावातच असतो.

परदेशातले दोन इशारे

टॅगची यंत्रणा मोठी करताना काय होते, हे अमेरिकेत दिसले. तेथील माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांसाठी 2012 मध्ये यंत्रे आणि साहित्याचा ठावठिकाणा दाखवणाऱ्या प्रणालीचा सुमारे 54 कोटी डॉलरचा करार झाला. डिसेंबर 2017 मध्ये त्याच विभागाच्या महानिरीक्षकांनी या प्रकल्पाच्या व्यवस्थापनावर कडक ताशेरे ओढले. एवढा पैसा, एवढे मनुष्यबळ असलेल्या व्यवस्थेलाही हे सहज जमले नाही.

दुसरा इशारा सुरक्षेचा. अ‍ॅमस्टरडॅम येथील संशोधकांनी 2008 मध्ये 41 वैद्यकीय यंत्रांजवळ आरएफआयडी उपकरणे चालवून पाहिली. 123 चाचण्यांत 34 वेळा यंत्रांच्या कामात व्यत्यय आला आणि त्यांतील 22 घटना रुग्णाला धोका होऊ शकेल अशा मानल्या गेल्या. या चाचण्यांच्या वेळी यंत्राला रुग्ण जोडलेला नव्हता. व्यत्यय बहुतांशी कमी अंतरावर आला. तो येण्याच्या अंतराचा मध्य सुमारे 30 सेंटिमीटर होता. त्यानंतर यंत्रे आणि टॅग दोन्ही बदलले आहेत, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु अतिदक्षता कक्षात किंवा नवजात शिशू कक्षात रीडर बसवण्याआधी तेथील प्रत्येक प्रकारच्या यंत्राजवळ चाचणी घेणे ही निविदेची अट असायला हवी.

घरचे एक चांगले उदाहरण

ठावठिकाण्याची यंत्रणा उपयोगी पडते तेव्हा ती कशी असते, याचे उदाहरण शोधायला दूर जायला नको. सरकारी लसीकरणातल्या ‘ई-विन’ या प्रणालीत लसींच्या शीतपेट्यांमध्ये तापमान मोजणारे संवेदक बसवलेले आहेत. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. तापमान मर्यादेबाहेर गेले की संबंधित कर्मचाऱ्याला फोनवर सूचना जाते. 2015 पासून सुरू झालेली ही प्रणाली आता देशभर वापरात आहे.

ई-विनचे यश दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे ती शीतपेटी कुठे आहे एवढेच सांगत नाही. तिच्यातली लस सुरक्षित आहे का, ते सांगते. दुसरे म्हणजे त्या सूचनेला उत्तर देणारा माणूस आधीच ठरलेला आहे. लसटोचणी केंद्राच्या साखळीतला शीतसाखळी कर्मचारी प्रशिक्षित असतो आणि जिल्हा स्तरावर त्याच्यावर लक्ष ठेवणारी व्यक्ती असते. संदेश पोहोचतो तिथे काम करणारा हात असतो.

रुग्णालयातील यंत्रांच्या बाबतीत हा हात कुठे आहे? उपकरण देखभाल कार्यक्रमाने त्याची कागदावर सोय केली आहे. बिघाड नोंदवण्यासाठी फोन क्रमांक, प्रत्येक यंत्राला स्वतंत्र ओळख क्रमांक आणि चालू राहण्याचे ठरलेले प्रमाण: जिल्हा रुग्णालयात 95 टक्के, ग्रामीण रुग्णालयाच्या स्तरावर 90 टक्के, प्राथमिक आरोग्य केंद्रात 80 टक्के. वर्षाच्या दिवसांत हिशेब मांडला, तर यंत्र अनुक्रमे जास्तीत जास्त 18, 36 आणि 73 दिवस बंद राहिलेले चालते. हे मोजमाप टॅगपेक्षा अधिक मोलाचे आहे, कारण ते रुग्णाला लागणाऱ्या तिसऱ्या अर्थाचे, म्हणजे ‘चालू आहे’ याचे, मोजमाप आहे.

क्रम कोणता असावा

म्हणून मालेगावसारख्या ठिकाणी प्रश्न टॅग हवा की नको असा नाही. तो क्रमाचा आहे. सर्वांत आधी नोंद खरी करायला हवी. कायमची निकामी झालेली यंत्रे वर्षानुवर्षे डेडस्टॉकवर राहतात, कारण निर्लेखनाची प्रक्रिया किचकट आहे आणि सही करणाऱ्याला पुढच्या चौकशीची धास्ती असते. ती यंत्रे जागा अडवतात, आणि ‘तुमच्याकडे यंत्र आहे’ म्हणून नव्या यंत्राची मागणीही अडवतात. त्यांचे निर्लेखन ठराविक मुदतीत व्हावे, यासाठी वरिष्ठ कार्यालयाने वेळापत्रक द्यायला हवे.

दुसरी पायरी साध्या चिकटपट्टीची. प्रत्येक यंत्रावर क्यूआर कोड लावला आणि कोणत्याही परिचारिकेने फोनवर तो वाचताच यंत्र कोणत्या कक्षाचे, शेवटची तपासणी कधी झाली, करार कोणाकडे आणि तक्रार कुठे करायची हे दिसले, तर निम्मे काम होते. याला दारावर रीडर, अखंड वीज किंवा वेगळे जाळे लागत नाही. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी कचऱ्याच्या पिशव्यांना बारकोड सक्तीचा केलेला आहे. कचऱ्याच्या पिशवीचा माग ठेवता येतो, तर लाखभर रुपयांच्या मॉनिटरचाही ठेवता येईल.

तिसरी पायरी माणसाची. दोनशे खाटांच्या रुग्णालयात एक प्रशिक्षित तंत्रज्ञ पूर्णवेळ हवा. जिल्ह्याच्या ठिकाणाहून बोलावल्यावर येणारा पुरेसा नाही. त्याच्याकडे फ्यूज, बॅटऱ्या, सेन्सर, नळ्या अशा नेहमी लागणाऱ्या भागांचा साठा आणि तो भरून काढण्यापुरता निधी हवा.

या तीन गोष्टी झाल्यावर टॅगची वेळ येते, आणि तेव्हाही सरसकट नाही. अपघात विभाग, अतिदक्षता कक्ष, नवजात शिशू कक्ष आणि शस्त्रक्रियागृह यांच्यात फिरणाऱ्या चाळीस-पन्नास यंत्रांपासून सुरुवात करता येईल. या चार दारांवर आणि मुख्य प्रवेशद्वारावर रीडर पुरेत. सहा महिन्यांनी शोधण्यात जाणारा वेळ खरोखर घटला का, तपासणीला न सापडणाऱ्या यंत्रांची संख्या कमी झाली का, हे मोजावे आणि मगच पुढचा खर्च करावा. यंत्राच्या हालचालीवरून कर्मचाऱ्यांवर पाळत ठेवली जाणार नाही, हेही आधीच लेखी ठरवावे. तशी शंका आली, तर टॅग आठवडाभरात निघालेले दिसतील.

राज्याने 2023 मध्ये वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. खरेदीच्या वेळीच प्रत्येक यंत्राबरोबर ओळख क्रमांक, देखभालीचा करार आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांची अट घातली गेली, तर स्थानिक रुग्णालयाचे काम बरेच हलके होईल. देणगी आणि आमदार निधीतून येणाऱ्या यंत्रांनाही हीच अट लावायला हरकत नाही.

नागरिकांच्या हातीही काही आहे. प्रत्येक सरकारी रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते आणि तिच्यात लोकप्रतिनिधींना स्थान असते. तिच्या बैठकीत किती यंत्रे आली हे बहुधा विचारले जाते. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत: गेल्या महिन्यात कोणती यंत्रे किती दिवस बंद होती, तक्रार केव्हा नोंदवली आणि दुरुस्ती केव्हा झाली. या तीन रकान्यांचा कागद दरमहा बाह्यरुग्ण विभागाच्या फलकावर लावला, तर त्याला कोणताही टॅग लागत नाही आणि चिठ्ठी घेऊन धुळ्याला निघालेल्या रुग्णालाही निदान कळेल की आपल्या गावचे यंत्र कधी चालू होणार आहे.